सात पिढ्यांचा दम

भागी मेली तेव्हा जमलेल्या बायका म्हणाल्या, फार गोड बाई होती हो. मी तिथंच बसले होते. मेलेल्या माणसाबद्दल चांगलं बोलायची रीत आहे, मला मान्य आहे, पण रीत पाळताना थोडी लाज बाळगावी. भागी गोड नव्हती. तिच्या तोंडात गोड म्हणून एकच वस्तू जायची, ती म्हणजे डेपोवरचा गूळ, आणि तोही तिला लागू पडला नाही.

मी तिची शेजारीण. आमचा पाडा खोडाळ्याच्या बाजारापासून पायी जाण्यासारखा आहे. तिचं खळं आणि माझं परसू यांच्यामध्ये काट्यांचं कुंपण होतं, आणि ते कुंपण माझ्या कोंबड्यांना कधी दिसलं नाही. एक तांबडी कोंबडी तर अशी होती, की दाणे माझ्याकडं खायची आणि अंडं भागीच्या चुलीमागं घालायची. भागी ते अंडं उकडून खायची, तोंड पुसायची, खळ्यात येऊन उभी राहायची, डावा हात कमरेवर ठेवायची आणि मला शिव्या द्यायला लागायची.

सुरुवात कोंबडीपासून. तिची चाल, तिची नियत, तिचं रात्री कुठं बसणं. मग कोंबडीची मालकीण, म्हणजे मी. मग माझा नवरा, जो त्या वेळी बिचारा शेतात असायचा. मग सासरा, आजेसासरा, त्याचा बाप, आणि असं वर वर. प्रत्येकाचं नाव घ्यायची आणि प्रत्येकाचा गुन्हा सांगायची. माझा आजेसासरा म्हणे राजाच्या शिकारीत हाकारा घालायला गेला आणि झाडावर चढून झोपला. खालून वाघ निघून गेला तरी उठला नाही. असं प्रत्येक पिढीचं काहीतरी होतं. सातव्याचं नाव तिलाही ठाऊक नव्हतं. त्याला ती नुसतं ‘तो पहिला’ म्हणायची आणि सगळ्यात जबर शिवी त्याच्यासाठी राखून ठेवायची. एका पिढीला एक दम, असा तिचा हिशेब होता. मध्ये पाणी पिणं नाही, खोकणं नाही. पलीकडच्या डोंगरावर गुरं राखणारे हात थांबवून ऐकायचे. काय बोलते ते त्यांना कळायचं नाही, पण किती वर गेली ते आवाजावरून कळायचं.

मी उलट बोलत नसे. घाबरत होते म्हणून नाही. तिच्यासारखं येत नव्हतं म्हणून. आणि फायदाही होता. नातीच्या जातीच्या दाखल्यासाठी आम्ही जव्हारला कचेरीत गेलो. तिथल्या साहेबानं विचारलं, घराण्यातली जुनी नावं सांगा. माझा मुलगा माझ्याकडं बघायला लागला. मी डोळे मिटले, भागीला मनात खळ्यात उभी केली, कोंबडीपासून सुरुवात केली आणि शिव्या गाळून नावं सांगितली. साहेब म्हणाला, “आजी, एवढं पाठ कसं?”

“शेजार चांगला आहे,” मी म्हटलं.

आमच्याकडं भात-नागली घरात आली, दिवाळी झाली, की माणसं घाट उतरून खाली जातात. कामाला गेलेल्याला आम्ही ‘जगायला गेला’ म्हणतो. कुणी वीटभट्टीवर जगतं, कुणी खडीवर. भागी आणि तिचा नवरा खाडीकडच्या एका कोळशाच्या डेपोवर जगायला जायचे. तिथं ट्रकनं कोळसा येतो, त्याचे ढीग लागतात. मोठी ढेकळं हातोडीनं फोडायची, आडव्या धरलेल्या लोखंडी जाळीवर फेकून चाळायची आणि घमेल्यांनी ट्रकमध्ये भरायची. जाड कोळसा कारखान्यांना जातो, बारीक चुरा वीटभट्ट्यांना जातो, आणि जी भुकटी कुणालाच विकता येत नाही ती चाळणारीच्या छातीत जाते. त्या भुकटीचे पैसे शेठ मजुरीतून कापून घेत नसे. एवढा तो उदार होता.

शेठनं एकदा तोंडाला बांधायच्या पट्ट्याही वाटल्या. भागीनं बांधली. दुपारपर्यंत टिकली. मग एक ट्रकवाला म्हणाला, हात चालवा गं, झोपलात काय. भागीनं त्याचा बाप काढायला तोंड उघडलं तर पट्टीतून नुसतं फुर्र झालं. ट्रकवाला हसला. झालं. तिनं पट्टी ओढून कमरेला खोचली, त्याच्या पणज्यापर्यंत जाऊन आली, आणि ती पट्टी पुन्हा तोंडावर चढली नाही. घरी आल्यावर तिनं त्या पट्टीनं चुलीवरचं भांडं उतरवायला सुरुवात केली.

“तोंड बांधून काम होतं,” ती मला म्हणाली, “पण तोंड बांधून शिवी होत नाय. मंग कामाला जायचं कशाला?”

पुढं लोक म्हणायचे, भागीचं तोंड सदा उघडं, म्हणून कोळसा आत गेला. तिच्या नवऱ्यानं लग्न झाल्यापासून तोंड उघडलं नव्हतं. तो तिच्या आधी गेला.

आता गुळाचं. डेपोवर संध्याकाळी सुटी झाली की सगळ्यांना रांगेत गुळाचा एकेक खडा मिळायचा. गूळ खाल्ला की घशातला कोळसा त्याला चिकटतो, पोटात उतरतो आणि सकाळी झाडीत निघून जातो, असं शेठ सांगायचा. शेठनं सांगितलेलं मुकादम सांगायचा. मुकादमानं सांगितलेलं सगळा पाडा सांगायचा. ढिगावर पाणी मारून भुकटी बसवायची तर टँकर बोलवावा लागतो. गुळाला काय, ढेप आणली की झालं. भागीचा गुळावर देवासारखा विश्वास होता. पावसाळ्यात घरी असतानाही ती बाजारातून गूळ आणायची, आणि थुंकी काळी पडली की खूश व्हायची.

“बघ चंदे,” मला बोलावून दाखवायची, “निघतोय.”

मी बघायचे. काय करणार, शेजार होता.

हा मुकादम म्हणजे भरत. परका नव्हता, भागीच्या सख्ख्या बहिणीचा मुलगा. पांढरा शर्ट, दोन फोन, आणि सगळ्या म्हाताऱ्यांच्या पाया पडायची सवय. माणसं भरायला यायचा तेव्हा मावशीसाठी गुळाची ढेप घेऊन यायचा. भागीचं आणि त्याच्या बापाचं जमत नव्हतं. बहिणीच्या लग्नापासून ती त्या घराण्याला शिव्या देत आली होती. सणासुदीला बहिणीकडं गेली की परत येईपर्यंत सात पिढ्या एकदा तरी व्हायच्याच, आणि परत आल्यावर आमच्या पाड्यावर पुन्हा एकदा. त्यामुळं आमच्याकडच्या बायकांना भरतचं घराणं आपल्या सासरपेक्षा जास्त ठाऊक होतं. मात्र एक पथ्य ती पाळायची. शिव्या फक्त बापाच्या बाजूनं. आईची बाजू कधी घ्यायची नाही, कारण ती बाजू तिची स्वतःची होती.

तिची छाती बिघडलीय हे मला डॉक्टरच्या आधी कळलं. ती होळीच्या आधी डेपोवरून परत आली. तांबडी कोंबडी मेली होती, पण तिच्या पोरींनी आईचं वळण घेतलं होतं. भागी खळ्यात आली, हात कमरेवर ठेवला, सुरू झाली आणि आजेसासऱ्याच्या झाडाखाली पोचून थांबली. मी परसात वाट बघत उभी. वाघ अजून जायचा होता. ती म्हणाली, “बाकीचं उद्या.”

उद्या बाकीचं आलं नाही. त्या पावसाळ्यात ती सासऱ्यापर्यंतच पोचायला लागली. पुढच्या वर्षी माझ्या नवऱ्यावर संपायचं, आणि तो तोवर वारलाही होता, म्हणजे शिवी वायाच जायची. मग एक दिवस असा आला, की तिनं कोंबडीकडं पाहिलं, “मेली,” एवढंच म्हणाली आणि ओट्याला टेकून बसली. मला वाटलं, चला, कान सुटले. दोन-चार दिवस बरं वाटलं. मग मी स्वतःच कोंबडी हाकलून तिच्या खळ्यात घालायला लागले, बघू काही म्हणते का.

मी तिला एसटीनं जव्हारला घेऊन गेले. वाटेत शिरपामाळ बघून आलेली शहरातली काही माणसं गाडीत चढली. त्यातल्या एका बाईनं खिडकीतून तोंड बाहेर काढून मोठा श्वास घेतला आणि नवऱ्याला म्हणाली, “काय शुद्ध हवा आहे ना! फुफ्फुसं धुऊन निघाली.” त्यांची माणसं आमच्याकडं हवा खायला येतात, आमची त्यांच्याकडं कोळसा खायला जातात. व्यवहार बरोबरीचा आहे. भागी माझ्या शेजारी पदरात खोकत होती. खोकून झाल्यावर माझ्या कानाशी आली.

“हिला इचार,” म्हणाली, “आमची कुठं धुतात.”

दवाखान्यात डॉक्टरीण तरुण होती, पण लपवाछपवी करणारी नव्हती. थुंकी तपासली होती, छातीचा फोटो काढला होता. ती म्हणाली, टीबी नाही. मी म्हटलं, बरं झालं. ती म्हणाली, “टीबी असता तर बरं झालं असतं आजी. टीबीला गोळ्या आहेत. हा कोळसा आहे. वर्षानुवर्षं आत जाऊन बसलाय.”

“मी गूळ खाते,” भागी म्हणाली.

“गूळ पोटात जातो. कोळसा फुफ्फुसात. दोघांचे रस्ते वेगळे आहेत.”

भागीनं थोडा विचार केला. “मंग शेठ इतकी वरसं कुठल्या रस्त्यानं गूळ देत होता?”

डॉक्टरिणीनं कपाट उघडलं. तिनं तोंडात मारायचा पंप दिला, कसा मारायचा ते दाखवलं आणि सांगितलं, “यानं जरा सुटं वाटेल, पण बसलेला कोळसा निघणार नाही. घरातलं अजून कोण जातं तिकडं?”

“मुलगा जाणार हाय. सून पण.”

“त्यांना जाऊ देऊ नका. तुमच्या घरात मी एवढंच औषध देऊ शकते.”

पंप भागीला पटला नाही; वारा आत मारून कोण बरं होतं, म्हणाली. पण दुसरं औषध तिला पटलं. परत येताना एसटीत तेवढंच बोलली. “दिलीपला नाय जाऊ देणार.” घाट संपेपर्यंत तेच, तेही तुकड्यातुकड्यानं.

दिलीप तिचा एकुलता मुलगा. वाईट नव्हता. आईला पाणी तापवून द्यायचा, पाठीवर घेऊन बाजारात न्यायचा. पण आईशी भांडायची एक युक्ती त्याला सापडली होती. काही करायचं नाही, नुसतं थांबायचं. ती बोलायला लागली की हा खाली बघून उभा राहायचा. दोन वाक्यांत तिचा दम जायचा, ती ओटा धरून बसायची. मग हा हळूच म्हणायचा, “झालं ना आये? फक्त यंदाचं साल. भरतदादाला शब्द दिलाय.” आणि निघून जायचा.

एकदा मी त्याला म्हटलं, “दिल्या, आईला पुरतं बोलू तरी देत जा.”

“मी कुठं अडवतो काकी?” तो म्हणाला. “तीच थांबते.”

खरं होतं. सगळा पाडा हेच शिकला होता. ज्या बाईपुढं माणसं रस्ता बदलायची, तिच्यापुढं आता नुसतं उभं राहिलं की काम होत होतं. दुकानदारही थांबायचा. तिची सून मनीषा तेवढी थांबत नसे. ती पाणी आणून द्यायची आणि म्हणायची, “बोला आई, पुढं.” पण पुढं नसायचंच.

त्या साली नागली कापून खळ्यात आली आणि भागी एकदम गप्प झाली.

गप्प म्हणजे किती, तर भाकरी हवी असेल तर बोट दाखवायची. कोंबड्या तिच्या डोक्यावर बसल्या असत्या तरी चाललं असतं. पाड्यावर चर्चा सुरू झाली. एक म्हणे, जीभ लुळी पडली. दुसरी म्हणे, देवाचं वारं अडलंय. भगताला बोलावलं. त्यानं तांदूळ टाकून पाहिले आणि घशात कुणीतरी बसलंय म्हणून सांगितलं, जे आम्हाला आधीच माहीत होतं. दिलीप तर सुखात होता. “आई समजली बघ काकी,” म्हणाला. “आता कटकट नाय करत.” त्यानं आणि मनीषानं कपड्यांची पिशवी भरायला घेतली.

मी एकदा दुपारी तिच्याजवळ जाऊन बसले. ती कणगीला टेकून बसली होती. कणगीत नवी नागली भरलेली, तोंड शेणानं लिंपलेलं.

“भागे,” मी म्हटलं, “मरायची असशील तर सांग. कोंबड्यांचं काहीतरी ठरवायला हवं.”

तिनं माझ्याकडं पाहिलं. मग कणगीवर हात थापटला, मग स्वतःच्या छातीवर थापटला, आणि अगदी हळू, ओठ न हलवता म्हणाली, “साठवतेय.”

मला कळायला वेळ लागला. नागली कशी थोडीथोडी कणगीत टाकून, वरून लिंपून ठेवली की पावसाळ्यात कामाला येते, तसा ती दम साठवत होती. बोललं नाही, चाललं नाही, हसलं नाही, तर रोजचा उरलेला दम आत राहील आणि भरत टेम्पो घेऊन येईल त्या दिवशी सगळा एकदम काढता येईल. सात पिढ्यांना पुरेल एवढा. दिलीप थांबला तर थांबू दे. तो थकेल, ती थकणार नाही.

दम असा साठत नाही, हे मला चौथी शिकूनही ठाऊक होतं. पण मी तिला सांगितलं नाही. तिनं मला सांगायला एक शब्द खर्च केला होता. त्यावर उत्तर द्यायला लावून आणखी कशाला खर्ची घालायचं?

भरत आला तो सकाळी, उन्हं खळ्यात आल्यावर. टेम्पोत वरच्या पाड्याची माणसं आधीच बसलेली होती, डबे, गोधड्या, कोंबड्या, पोरं. तो सगळ्या म्हाताऱ्यांच्या पाया पडला. माझ्याही पडला; मी पाय मागं घेतले, तरी पडला. भागीपुढं ढेप ठेवली.

“मावशी, नवा गूळ हाय. खा, कोळसा उतरेल. मी बोलतोय ना.”

मनीषा टेम्पोत चढून बसली होती. दिलीप पिशवी वर देत होता. भागी ओट्यावरून उठली. कुणी धरलं नाही, कारण कुणाला वाटलंच नाही ती उठेल. खळ्याच्या मधोमध आली आणि डावा हात कमरेवर ठेवला.

पाड्यावरचा प्रत्येक माणूस जागच्या जागी थांबला. तो हात कित्येक दिवसांत कुणी पाहिला नव्हता.

“भरत्या,” ती म्हणाली, आणि आवाज जुना होता, डोंगराला लागणारा, “गुळाच्या खड्यावर माणसं उचलतोस. माझा नवरा नेलास, मला नेलीस, आता माझा पोर न्यायला आलास. गूळ तुझ्या शेठला घाल, त्याचं पोट काळं हाय.”

दम घेतला. शीळ वाजावी तसा आत गेला.

“तुझा बाप माझ्या बापाच्या दिवसाला जेवायला आला नि तीन पंगतींत बसला. रडायला एकदाही नाय बसला.”

टेम्पोत कुणीतरी फिसकन हसलं. भरतचा चेहरा पडला. “मावशी, लोकांसमोर...”

“तुझा आजा,” भागी म्हणाली. “तुझ्या आज्यानं वाघोबाच्या नवसाचा कोंबडा स्वतः खाल्ला... नि वाघोबापुढं...”

तिथं संपलं. तोंड उघडंच होतं, हात कमरेवरच होता, पण आतून काही येत नव्हतं. गळ्याच्या शिरा दोरीसारख्या उभ्या राहिल्या. साठवलेलं सगळं दोन पिढ्यांत उडालं होतं.

दिलीप खाली बघून उभा होता. नेहमीसारखा थांबला होता. जरा वेळानं मान वर केली, अगदी हळूच म्हणाला, “झालं ना आये?” आणि पिशवी उचलली.

मी कुंपणाच्या अलीकडे होते. ते कुंपण मलाही त्या दिवशी दिसलं नाही.

“नि वाघोबापुढं पिसं ठेवली!” मी ओरडले. “नि तुझ्या पणज्यानं, भरत्या, बैल मेला म्हणून सासूला नांगराला जुंपायला काढली होती. ती हुशार, तिनंच त्याला जुंपला. अर्धं शेत त्यानं ओढलं!”

दिलीप माझ्याकडं बघायला लागला. “काकी, तुझं काय काम हाय यात?”

“मी हिच्या शिव्या हिच्या सुनेच्या जन्माआधीपासून खातेय,” मी म्हटलं. “कुणाच्या पुढं कोण येतो ते मला ठाऊक हाय. तू थांब रं. तुला थांबायची सवय हाय ना, थांब. मला खोकला नाय. मला दुपारपर्यंत वेळ हाय.”

आणि मी पणज्याच्या बापाकडं गेले. मला भागीसारखं येत नाही. माझा आवाज फुटका आहे, डोंगरापर्यंत गेला नसेल. पण नावं चुकली नाहीत. भागी कमरेवरचा हात न काढता उभी होती आणि मी एकेक पिढी घेतली की मान हलवत होती, शाळेत मास्तर हलवतो तशी. ‘तो पहिला’ आला तेव्हा मी तिच्याकडं पाहिलं, कारण ती शिवी तिची राखलेली होती. तिनं डोळ्यांनी सांगितलं, दे. मी दिली. ती इथं लिहीत नाही.

मग टेम्पोतून मनीषा उतरली. आधी एक पाय, मग दुसरा, मग गोधडी ओढून घेतली.

“मी नाय येत,” म्हणाली.

“अगं, शब्द दिलाय,” दिलीप म्हणाला.

“तू दिलास. ह्यांची थुंकी मी पुसते, तू नाय. तुझी पुसायला मला लावू नको.”

दिलीप थांबला. पण थांबून उपयोग होईना, कारण मनीषाला दमही होता आणि ती बोलतही नव्हती. नुसती गोधडी काखेत धरून उभी होती. शेवटी त्यानं पिशवी खाली ठेवली आणि तोंड फिरवून विहिरीकडं निघून गेला. जेवायला संध्याकाळी आला.

भरतनं परत पाया पडायचा विचार केला असावा, पण कुणाच्या ते ठरेना. तो टेम्पोत बसला. टेम्पो रिकामा गेला असं कुणी समजू नये. पुढच्याच पाड्यावर दोन माणसं चढली, दिलीप-मनीषाची जागा भरली. शेठला तर कळलंही नसेल. गुळाची ढेप तेवढी खळ्यात राहिली. भागीनं ती माझ्या कोंबड्यांना फोडून घालायला लावली. त्यांच्या छातीत कोळसा नाही, म्हणाली, त्यांना लागू पडेल.

दिलीप आता जव्हारकडं एकाच्या मोगऱ्याच्या मळ्यात कामाला जातो. पहाटे कळ्या खुडायच्या, दुपारी घरी. मिळकत डेपोपेक्षा कमी आहे, हे तो मला अजून ऐकवतो. ऐकवताना खोकत नाही. कोळशापेक्षा मोगरा बरा, एवढी साधी गोष्ट पटवायला एका बाईची छाती खर्ची पडली, आणि तरी ती एकाच घराला पटली. बाकीची घरं पुढच्या सालीही टेम्पोत बसली.

मी भागीला शेवटची धडपणे पाहिली ती थंडी सरताना. ती ओट्यावर गोधडी गुंडाळून बसली होती, हातात काठी. बोलणं पूर्ण थांबलं होतं. साठवतही नव्हती, साठवायला जागाच नव्हती. मनीषानं कानात मोगऱ्याची एक कळी खोचली होती, ती तिला मुळीच शोभत नव्हती.

माझी कोंबडी कुंपणातून गेली, तिच्या समोरून चालत गेली आणि चुलीमागं बसली. भागीनं कोंबडीकडं पाहिलं, मग माझ्याकडं पाहिलं. गोधडीतून डावा हात बाहेर काढला. तो कमरेपर्यंत गेला नाही, मांडीवरच राहिला.

“बस तू,” मी म्हटलं. “मी म्हणते.”

मी माझ्या परसात उभी राहिले, हात कमरेवर ठेवला आणि स्वतःला शिव्या द्यायला लागले. कोंबडीची चाल, कोंबडीची नियत. मग कोंबडीची मालकीण, तिची अक्कल. मग माझा नवरा, मग सासरा. समोरच्या वाटेनं जाणारी माणसं थांबून बघत होती, की म्हातारीला काय झालं. भागी डोळे मिटून ऐकत होती. आजेसासरा झाडावर झोपला, वाघ खालून गेला. मला घाई झाली होती, चुलीवर भात होता. मी एक पिढी सोडून पुढं गेले.

काठी ओट्यावर आपटली.

मी मागं गेले आणि सोडलेला परत घेतला.